हरित विजेचं प्रमाणपत्र: कोण देतं, कोणाला मिळतं आणि काढायचं कसं

शेतात सौर पंप बसला की थोड्याच दिवसांत कोणीतरी विचारतंच, "भाऊ, याचं ग्रीन सर्टिफिकेट काढलं तं पैसे भेटते म्हणते. कोणाकडं जा लागते?" वाशीम, यवतमाळ, अकोल्याकडे हा प्रश्न सारखा कानावर येतो, आणि तो विचारणाऱ्याकडून 'नोंदणी फी' उकळणारेही तालुक्याच्या गावी भेटतात. म्हणून आधीच सांगतो: सौर पंपावर हे प्रमाणपत्र मिळत नाही. घराच्या छतावरच्या तीन किलोवॉटवरही नाही. ज्यांना मिळू शकतं ते वेगळेच आहेत: तुसावर टर्बाइन चालवणारी गोंदियाकडची राइस मिल, स्वतःच्या खर्चाने मेगावॉटभर सोलर उभारून वीज तिसऱ्याला विकणारा जिनिंगवाला, एखादी मोठी शेतकरी उत्पादक कंपनी. त्यांच्यातलेही बरेच जण अर्ज भरायच्या आधीच, वीज विक्रीच्या करारावर सही करताना, हा हक्क नकळत देऊन मोकळे झालेले असतात.

विकायचं नेमकं काय

जिनिंगमध्ये कापूस गेला की दोन माल बाहेर पडतात, रुई आणि सरकी. दोन्हींचं गिऱ्हाईक वेगळं, भाव वेगळा. सूर्य, वारा, पाणी, काडीकचरा यांपासून केलेल्या विजेचेही कागदोपत्री असेच दोन भाग करता येतात. एक म्हणजे तारेतून जाणारी वीज. ती कोळशाच्या विजेत मिसळली की ओळखू येत नाही. दुसरा म्हणजे ती कोळसा न जाळता तयार झाली हा तिचा गुण. हा गुण वेगळा काढून विकायचा, त्याचा दाखला म्हणजे नवीकरणीय ऊर्जा प्रमाणपत्र. धंद्यात त्याला आरईसी म्हणतात. एक आरईसी म्हणजे एक मेगावॉट-तास, आपल्या भाषेत १,००० युनिट. ते छापून हातात मिळत नाही. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे प्रमाणपत्रांच्या ऑनलाइन नोंदवहीतल्या, तुमच्या खात्यावर आकडा जमा होतो, विकला की वजा होतो.

सरकीसकट कापूस विकून टाकल्यावर व्यापाऱ्याच्या दारात जाऊन सरकीचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. या विषयातले नव्वद टक्के नियम याच एका गोष्टीची राखण करतात. तुमच्या विजेचा हिरवेपणा एकदा कोणाच्या नावावर मोजला गेला, की त्याच युनिटवर प्रमाणपत्र नाही.

हा गुण विकत घेतं कोण? ज्यांच्यावर कायद्याने बंधन आहे ते. वीज कायदा २००३ च्या कलम ८६(१)(ई) नुसार राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, की वितरण कंपनीने एकूण विजेपैकी अमुक टक्के नवीकरणीय घ्यायची. महाराष्ट्राच्या आयोगाने २०१९ च्या नियमांत २०२४-२५ सालासाठी २५ टक्के ठरवले होते, १३.५ सौर आणि ११.५ बिगरसौर. केंद्राने ऊर्जा संवर्धन कायद्याखाली २० ऑक्टोबर २०२३ ला वेगळी अधिसूचना काढली. तिच्यात २०२४-२५ साठी २९.९१ टक्के आणि २०२९-३० पर्यंत ४३.३३ टक्के अशी चढती पायरी आहे. हे बंधन महावितरणसारख्या कंपन्यांवर तर आहेच. शिवाय ओपन अ‍ॅक्सेसने (म्हणजे वितरण कंपनीच्याच तारांमधून) बाहेरच्या विक्रेत्याची वीज घेणाऱ्या आणि स्वतःचा कोळशाचा वीज संच चालवणाऱ्या मोठ्या कारखान्यांवरही आहे. आपल्या भागात चंद्रपूर, घुग्गुस, गडचांदूर पट्ट्यातले लोखंड-सिमेंटवाले आठवून पाहा. ज्याला पुरेशी हिरवी वीज प्रत्यक्ष मिळाली नाही, तो तुटीएवढी प्रमाणपत्रं घेऊन हिशेब पुरा करतो. कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूर, तिरोडा अशी कोळशाची धुराडी ज्या विदर्भात उभी आहेत, तिथल्या राइस मिलने हा गुण विकावा यात मला तरी गंमत वाटते.

देतं कोण

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, कारण एकाच कामात पाच कचेऱ्या येतात आणि प्रत्येकीचं नाव लांबलचक.

नियम करतो केंद्रीय वीज नियामक आयोग. त्याने जानेवारी २०१० मध्ये पहिले नियम काढले, नोव्हेंबर २०१० मध्ये योजना सुरू झाली आणि मार्च २०११ पासून प्रत्यक्ष खरेदी-विक्री. आज लागू असलेले नियम २०२२ चे आहेत, ५ डिसेंबर २०२२ पासून अंमलात आलेले. हा आयोग नियम करतो, प्रमाणपत्र देत नाही.

प्रमाणपत्र देतं राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र, म्हणजे एनएलडीसी. सगळ्या देशाच्या ग्रीडचा तोल सांभाळणारं दिल्लीतलं केंद्र हेच. ते चालवणाऱ्या सरकारी कंपनीचं नाव आधी पोसोको होतं, २०२२ मध्ये ते ग्रीड कंट्रोलर ऑफ इंडिया झालं. जुन्या कागदांवर पोसोको दिसलं तर दुसरी कंपनी समजू नका.

पण एनएलडीसीला गोंदियाची मिल कशी माहीत असणार? म्हणून प्रत्येक राज्यात एक राज्य यंत्रणा नेमलेली असते. महाराष्ट्रात ती महाऊर्जा, म्हणजे मेडा. मुख्यालय पुण्याला, विभागीय कार्यालयं नागपूर आणि अमरावतीला. प्रकल्प खरा आहे, नियमात बसतो, हे तपासून ती अधिस्वीकृती देते. त्याला सगळे 'अ‍ॅक्रिडिटेशन' म्हणतात.

दर महिन्याला किती युनिट ग्रीडमध्ये गेले, हे महावितरणच्या मीटर नोंदीवरून राज्य भार प्रेषण केंद्र कळवतं. आणि विक्री होते वीज बाजारात: इंडियन एनर्जी एक्स्चेंज, पॉवर एक्स्चेंज इंडिया आणि २०२२ पासून आलेलं हिंदुस्थान पॉवर एक्स्चेंज.

म्हणजे महावितरणचा गावातला अभियंता हे देत नाही, तहसील देत नाही, पॅनल बसवणारा ठेकेदार तर नाहीच नाही. आणखी एक: गावात लाइट आणणाऱ्या योजनांमुळे आरईसी लिमिटेड हे नाव जुन्या लोकांच्या ओळखीचं आहे. ती कर्ज देणारी सरकारी कंपनी, हिचा प्रमाणपत्राशी संबंध नाही. अक्षरं तीच आल्यामुळे लोक तिथे अर्ज पाठवतात.

पहिली पायरी: आपला करार काढून वाचा

अर्ज, फी, सल्लागार हे सगळं नंतर. आधी कपाटातून वीज विक्रीचा करार, योजनेचं मंजुरीपत्र आणि शेवटची दोन-तीन बिलं काढा. २०२२ च्या नियमांची अट साधारण अशी आहे: तुमच्या विजेचा दर आयोगाने ठरवून दिलेला किंवा निविदेतून येऊन आयोगाने मान्य केलेला नसावा, म्हणजे वीज कायद्याच्या कलम ६२ किंवा ६३ मध्ये बसणारा नसावा. तुमची वीज घेणाऱ्याने ती आपल्या बंधनात मोजलेली नसावी. आणि वीज वाहून नेण्याच्या आकारात, पारेषण (मोठ्या लाइनींचा) असो की व्हीलिंग (वितरणाच्या तारांचा), तुम्ही माफी किंवा सवलत घेतलेली नसावी.

आता ही अट आपल्याकडच्या योजनांना लावून बघू.

शेतातला सौर पंप, मग तो केंद्राच्या कुसुम योजनेच्या 'ब' घटकातला असो की 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मधला. तो ग्रीडला जोडलेलाच नाही. त्याच्या युनिटची नोंद कोणत्याही भार प्रेषण केंद्राकडे जात नाही, म्हणून विषय तिथेच संपतो. शिवाय २०१० च्या मूळ कार्यपद्धतीत प्रकल्प किमान २५० किलोवॉटचा असावा अशी अट होती. साडेसात एचपीच्या पंपाचं पॅनल पावणेसात किलोवॉटच्या आसपास असतं. योजना कोणासाठी आखली होती, ते एवढ्यावरून कळतं. पंपाच्या नावाने 'ग्रीन सर्टिफिकेट'ची फी मागणारा आला, तर त्याला महाऊर्जेच्या अमरावती किंवा नागपूर कार्यालयाचा पत्ता द्या आणि म्हणा, पावती तिथली आण.

घरावरचं सोलर, पीएम सूर्यघर योजनेतलं. इथे मीटर आहे, वीज ग्रीडमध्ये जाते. पण महाराष्ट्राच्या आयोगाच्या २०१९ च्या रूफटॉप नियमांप्रमाणे, ज्या ग्राहकावर स्वतः बंधन नाही, त्याच्या नेट मीटरमागची वीज वितरण कंपनीच्या बंधनात मोजली जाते. सरकी महावितरणच्या खात्यात गेली. फार वाईट वाटून घेऊ नका. तीन किलोवॉटचा संच वर्षाला चार हजार युनिट करतो असं धरा. ती चार प्रमाणपत्रं झाली, एकूण किंमत हजार-दीड हजार रुपये. योजनेत तीन किलोवॉटला मिळालेलं अनुदान ७८,००० रुपयांचं आहे.

कुसुमचा 'अ' घटक, म्हणजे उपकेंद्राजवळ ५०० किलोवॉट ते २ मेगावॉटचा प्रकल्प. तसंच मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०. दोन्हींत वीज महावितरण घेते, ठरलेल्या दराने, आणि आपल्या बंधनात मोजते. प्रमाणपत्र नाही. वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देणाऱ्या शेतकऱ्याचा हक्क भाड्यावर आहे, हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. पडीक बरड जमिनीला हा भाव चांगलाच म्हणायचा. पण "पुढं सर्टिफिकेटचे पैसे वेगळे भेटतील" असं कोणी भाडेकरार करताना सांगितलं, तर तेवढं वाक्य करारात लिहून मागा. लिहून देणारा भेटायचा नाही.

आता ज्यांचं जमू शकतं ते. जिनिंगवाल्याने किंवा दालमिलवाल्याने स्वतःच्या वापरासाठी मोठा सोलर प्रकल्प लावला, त्याला 'कॅप्टिव्ह' म्हणतात. स्वतः वापरलेल्या विजेवरही प्रमाणपत्र मिळू शकतं. फक्त स्वतःवर बंधन असेल आणि ते भागवायला जेवढे युनिट मोजले, तेवढ्यांवर नाही. जिनिंगचा हंगाम दसरा-दिवाळीपासून चार-पाच महिन्यांचा. मे महिन्यात प्रेस बंद, पॅनल मात्र चालू. ही उरलेली वीज कोणाला आणि कशी विकता, यावर बाकीच्या महिन्यांची प्रमाणपत्रं ठरतात.

दुसरा मार्ग ओपन अ‍ॅक्सेसने वीज तिसऱ्याला विकण्याचा. जून २०२२ च्या केंद्राच्या हरित ओपन अ‍ॅक्सेस नियमांनी ग्राहकाच्या जोडभाराची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली. त्यामुळे बुटीबोरी किंवा नांदगाव पेठच्या एमआयडीसीतला मध्यम कारखानाही वर्ध्याच्या एखाद्या शेतकरी कंपनीची वीज घेऊ शकतो. पण हा कारखाना हिरवी वीज घेतो कशाला, ते विचारा. वीज स्वस्त पडते म्हणून घेत असेल, तर प्रमाणपत्राचा हक्क तुमच्याकडे ठेवता येतो. 'आम्ही हरित वीज वापरतो' असं त्याला दाखवायचं असेल, तर तो सरकीसकट मागतो आहे, आणि दर त्याप्रमाणे वाढवून घ्या. दोन्हींपैकी काहीही चालेल. करारात एक ओळ मात्र स्पष्ट हवी, की या विजेचे पर्यावरणीय हक्क विक्रेत्याकडे राहतील की खरेदीदाराकडे जातील. ही ओळ नसलेले करार मी पाहिले आहेत. भाव चढला की त्यावरून भांडण ठरलेलं.

आणि तिसरा, मला सगळ्यात आशादायक वाटणारा: काडीकचऱ्यावरचा प्रकल्प. पूर्व विदर्भात तूस, पश्चिमेला पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार. पऱ्हाटी तर गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटावं म्हणून हंगामानंतर शेतातून काढा, असं कृषी खातंच सांगतं, आणि धुऱ्यावर नेऊन ती पेटवली जाते. तिची वीज झाली तर प्रमाणपत्रांचा हिशेब सौरापेक्षा वेगळाच लागतो. तो खाली देतो.

दुसरी पायरी: परवडतं का, पेन्सिल घेऊन बघा

सौर आधी. विदर्भात १ मेगावॉटचा जमिनीवरचा प्रकल्प वर्षाला साधारण १५ लाख युनिट देईल असं धरू. लोकांना वाटतं आपला मे महिना म्हणजे विजेचा सुकाळ. तसं होत नाही. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की प्रत्येक अंशाला त्याची शक्ती साधारण ०.४ टक्क्याने उतरते, आणि चंद्रपूरच्या ४५-४६ अंशांत काचेखाली किती तापत असेल ते सांगायला नको. धूळ वेगळी. ऊन भरपूर, पण गरमीची वजाबाकी धरूनच आकडा घ्या.

१५ लाख युनिट म्हणजे १,५०० प्रमाणपत्रं. भाव? इथे जुन्या गोष्टी ऐकून भुलू नका. २०१० मध्ये सौर प्रमाणपत्राला किमान १२,००० आणि कमाल १७,००० रुपये असा पट्टा आयोगाने बांधून दिला होता, कारण तेव्हा पॅनलच महाग. मग पॅनल स्वस्त होत गेलं तसा पट्टा खाली आला. २०२० मध्ये किमान भाव काढून टाकल्यावर वाद अपिलीय न्यायाधिकरणात गेला आणि नोव्हेंबर २०२१ पर्यंत व्यवहार बंद राहिले. २०२२ च्या नियमांनी किमान-कमाल दोन्ही हद्दी उठवल्या. भाव बाजार ठरवेल. २०२४ मध्ये तो सव्वाशे रुपयांच्या आसपासही उतरला होता, २०२५ मध्ये साडेतीनशेच्या घरात आला.

सव्वाशेने १,५०० प्रमाणपत्रांचे १,८७,५०० रुपये, साडेतीनशेने ५,२५,०००. युनिटमागे साडेबारा पैसे ते पस्तीस पैसे. त्यातून अधिस्वीकृतीची, नोंदणीची आणि दरवर्षीची फी, प्रमाणपत्रामागचं शुल्क, एक्स्चेंजचं किंवा ट्रेडरचं कमिशन, कागद सांभाळणाऱ्या माणसाचा पगार वजा करा. मेगावॉटच्या खाली हा उद्योग करू नये असं माझं मत. बँकेला दाखवायच्या प्रकल्प अहवालात तर हे उत्पन्न धरूच नका. आलं तर वरकमाई.

आता काडीकचऱ्याचा प्रकल्प. २०२२ च्या नियमांनी प्रत्येक तंत्राला एक गुणक लावला: सौर आणि जमिनीवरच्या वाऱ्याला १, जलविद्युतला १.५, शहरी कचरा आणि बिगर-कोळसा सहवीजनिर्मितीला २, बायोमास आणि जैवइंधनाला २.५. म्हणजे तुसाच्या १० लाख युनिटवर १,००० नव्हे, २,५०० प्रमाणपत्रं. साडेतीनशेच्या भावाने युनिटमागे सत्त्याऐंशी पैसे. तुसाच्या भावात हंगामागणिक होणारा फरक सोसायला हा आकडा कामी येतो. हे गुणक ५ डिसेंबर २०२२ नंतरच्या तीन वर्षांत सुरू होणाऱ्या प्रकल्पांसाठी ठरवले होते. आधीपासून चालू असलेल्यांना १ च. प्रकल्पाला एकदा लागलेला गुणक सुरू झाल्यापासून १५ वर्षं टिकतो. नवीन प्रकल्प उभा करत असाल, तर सुरू होण्याच्या तारखेला कोणता तक्ता लागू आहे ते आयोगाच्या ताज्या आदेशात बघून मगच आकडेमोड करा. एक गोष्ट मात्र जपा: बॉयलरमध्ये कोळसा मिसळायची सवय. इंधनाचा हिशेब महिन्यागणिक द्यावा लागतो आणि वेकोलीच्या खाणी जवळ असल्या की मोह होतो.

तिसरी पायरी: मीटर

मीटर वितरण कंपनीने मान्य केलेलं, सील केलेलं आणि दर महिन्याला संयुक्त वाचन होणारं हवं. प्रकल्पाच्या आत पंखे, पंप, कंट्रोल रूमला लागणारी वीज मोजली जात नाही. ती सोडून बाहेर पडलेलीच धरतात. एकाच फीडरवर दोन प्रकल्प असतील, किंवा अर्धी वीज महावितरणला आणि अर्धी तिसऱ्याला असेल, तर वेगळी मीटरिंग आधीच करून घ्या. नंतर आकड्यांची वाटणी पटवून देता देता नाकी नऊ येतात.

चौथी पायरी: महाऊर्जेची अधिस्वीकृती

अर्ज आरईसी रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा आणि कागदांचा संच महाऊर्जेकडे द्यायचा. लागतं ते असं: कंपनीची किंवा मिलची नोंदणी, पॅन, जीएसटी, सही करणाऱ्याच्या नावाचा ठराव, जागेचा सातबारा किंवा भाडेपट्टा, विद्युत निरीक्षकाची परवानगी, महावितरणचं प्रकल्प सुरू झाल्याचं पत्र, मीटरचे तपशील, विजेची एकेरी रेखाकृती (सिंगल लाइन डायग्राम), वीज विक्रीचा करार, आणि सवलत घेतलेली नाही असं प्रतिज्ञापत्र.

अडतं ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी. सातबाऱ्यावरचं नाव आणि कंपनीचं नाव जुळत नाही, कारण जमीन वडिलांच्या नावावर आणि प्रकल्प मुलाच्या भागीदारीत. मग नोंदवलेला भाडेपट्टा हवा, शंभराच्या स्टॅम्पवरची नोटरी नाही. दुसरं, निरीक्षकाच्या परवानगीतली क्षमता आणि महावितरणच्या पत्रातली क्षमता वेगळी. एकात पॅनलची, दुसऱ्यात इन्व्हर्टरची लिहिलेली. तिसरं ते प्रतिज्ञापत्र. त्यावर सही करण्याआधी ओपन अ‍ॅक्सेसची बिलं समोर ठेवून व्हीलिंग आणि पारेषणाचा आकार पूर्ण लागला आहे की नाही ते स्वतः बघा. लेखनिकाने तयार नमुना आणला म्हणून सही ठोकू नका. खोटं निघालं तर अधिस्वीकृती रद्द होते आणि काढलेल्या प्रमाणपत्रांचा जाब द्यावा लागतो.

कागद पूर्ण असतील तर महिनाभराची गोष्ट आहे.

पाचवी पायरी: एनएलडीसीकडे नोंदणी

ही सगळ्यात सोपी. महाऊर्जेचा अधिस्वीकृती क्रमांक मिळाला की त्याच संकेतस्थळावर नोंदणीचा अर्ज, ठरलेली फी, आणि तुमच्या नावाचं खातं उघडतं. लॉगिनचा मोबाइल नंबर आणि ईमेल मालकाचा द्या, सल्लागाराचा नको.

सहावी पायरी: दर महिन्याचं काम

खातं उघडलं म्हणजे प्रमाणपत्रं आपोआप जमा होत नाहीत. महिना संपला, संयुक्त वाचन झालं, राज्य भार प्रेषण केंद्राचा अहवाल आला, की तुम्हाला त्या महिन्यासाठी मागणी अर्ज करावा लागतो. मुदत निर्मितीच्या महिन्यापासून सहा महिन्यांची. ऑक्टोबरच्या युनिटसाठी एप्रिलच्या पलीकडे गेलात, तर ते युनिट बुडाले. अर्ज नीट असेल तर एनएलडीसीने पंधरा दिवसांत प्रमाणपत्रं द्यायची असतात.

जिनिंगवाल्यांचा घोळ इथेच होतो. हंगामात मरायला फुरसत नसते, आणि हिशेबाचा माणूस "मार्चनंतर बसू" म्हणतो. मार्चनंतर बसेपर्यंत सप्टेंबरचे युनिट गेलेले असतात. वाचनाच्या तारखेनंतर आठ दिवसांनी मोबाइलमध्ये गजर लावा. अहवाल आला नसेल तर महावितरणच्या मंडळ कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या.

सातवी पायरी: विक्री

सौदे महिन्यातल्या ठरलेल्या बुधवारी एक्स्चेंजवर होतात. पूर्वी फक्त शेवटचा बुधवार असायचा. तुम्ही किती प्रमाणपत्रं, किमान किती भावाने, ते सांगता. घेणारे त्यांचा भाव सांगतात. बोली बंद पाकिटातली. सगळे मागणी-पुरवठा जिथे जुळतात तो एकच भाव सगळ्यांना लागू होतो. दोनशे मागितले आणि सौदा साडेतीनशेला जुळला, तर साडेतीनशेच मिळतात. विक्रीला लावलेली प्रमाणपत्रं खरंच खात्यात आहेत का, हे एनएलडीसी त्याच दिवशी पडताळते. जुनी आधी खपतात.

लहान विक्रेत्याने एक्स्चेंजचा सभासद होण्यापेक्षा एखाद्या सभासदामार्फत जावं, किंवा परवानाधारक वीज ट्रेडरला थेट विकावं. २०२२ पासून तीही वाट खुली आहे. ट्रेडरचा भाव एक्स्चेंजच्या मागच्या सौद्याशी ताडून बघा, तो आकडा एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर फुकट दिसतो.

विकायची घाई करायची की थांबायचं? पूर्वी प्रमाणपत्राला मुदत होती, ती संपायच्या भीतीने लोक पडत्या भावात विकायचे. आता विकेपर्यंत ते जिवंत राहतं. तुरीसारखं साठवून भुंगा लागायची भीती नाही, गोदामभाडंही नाही. तरी माझा कल अर्धं विकावं, अर्धं ठेवावं असा आहे. कारण देशात सौर क्षमता ज्या वेगाने वाढते आहे, त्यात भाव चढतच जाईल असं गृहीत धरणं धाडसाचं. बंधनाखालचे खरेदीदार आर्थिक वर्ष संपताना जागे होतात, तेवढं मात्र ध्यानात ठेवा. जीएसटीचा सध्याचा दर आपल्या सीएला विचारून मगच पहिलं बिल फाडा.

कार्बन क्रेडिट वेगळं

दोन्ही एकच समजून विकणारे खूप आहेत. आरईसी युनिटवर मोजतात, कार्बन क्रेडिट टाळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनावर. भारताची कार्बन क्रेडिट व्यापार योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली. तिचं प्रशासन ऊर्जा दक्षता ब्युरोकडे आहे. परदेशी कंपन्यांना हवी असलेली आय-रेक ही ऐच्छिक दाखल्यांची पद्धत आणखी तिसरी. एका युनिटचा गुण यांपैकी एकाच वहीत लिहायचा. एका हाताने आरईसी आणि दुसऱ्या हाताने आय-रेक विकणं म्हणजे एकच प्लॉट दोघांना विकणं.

आणि ज्यांना विकायचं नाही, घ्यायचं आहे

संत्र्याचा रस किंवा डाळ निर्यात करणाऱ्यांकडे परदेशी खरेदीदार आता विचारतात, की माल कोणत्या विजेवर केला. स्वतःचा प्रकल्प नसेल तर दोन मार्ग आहेत. एक्स्चेंजवरून किंवा ट्रेडरकडून प्रमाणपत्रं विकत घ्या. बंधन नसलेल्यालाही स्वेच्छेने घेता येतात. वर्षाला दोन लाख युनिट जाळणाऱ्या डाळमिलला २०० प्रमाणपत्रं लागतील, साडेतीनशेच्या भावाने ७०,००० रुपये. किंवा महावितरणचा हरित दर घ्या. आयोगाने मार्च २०२१ मध्ये तो नेहमीच्या दरावर युनिटमागे ६६ पैसे जास्त असा मंजूर केला होता. नंतरच्या दर आदेशात आज किती आहे ते बघा. त्या जुन्या दराने दोन लाख युनिटचे १,३२,००० होतात. प्रमाणपत्र स्वस्त पडेल, पण हरित दराला कागदपत्रं जवळपास काहीच नाहीत: उपविभागीय कार्यालयात अर्ज, आणि पुढे महावितरणचाच दाखला. निर्यातदाराने अर्ज करण्याआधी आपल्या खरेदीदाराला ईमेल टाकून विचारावं, की दोन्हींपैकी कोणता दाखला त्याच्या लेखापरीक्षकाला चालतो.